इमानवाला

आमच्या घरी तेलाची कुठलीही बाटली आली की आधी तिच्यात संपतरावांचं बोट जायचं. करडईचं असो, खोबऱ्याचं असो, नाहीतर शिलाई मशीनला घालायचं असो. बोटावर थेंब घ्यायचा, अंगठ्यानं चोळायचा, उन्हाकडे धरून बघायचा, मग हुंगायचा. एवढं सगळं झालं की म्हणायचे, "बराबर हाये." जणू मी ते भाजीत नाही, विमानात घालणार होते. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला याचं कौतुक वाटलं, दुसऱ्या वर्षी राग आला, आणि पुढे तर मीच बाटली त्यांच्यासमोर धरायला लागले. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी मास्तरीण होते, हजेरीच्या वेळी दिवसभर पोरांची नावं घ्यायची सवय, तेव्हा मी घेत आले. आता ते नाहीत, तर जरा जास्तच घेते.

आष्टीच्या बाजाराला पायी जाऊन यावं एवढ्या अंतरावर आमचं गाव. या गावाच्या जिभेवर 'विमान' हा शब्द कधी बसलाच नाही. सगळे 'इमान' म्हणायचे. त्यामुळे विमानदलातून परत आलेले संपतराव गावाच्या लेखी 'इमानवाला संपत' झाले. कुणी हाक मारली की मला हसू यायचं. ते मात्र गंभीरपणे ओ द्यायचे.

ते वैमानिक नव्हते, हे आधीच सांगून टाकते. गावातल्या निम्म्या लोकांना ते वैमानिक वाटायचे आणि हा गैरसमज दूर करायची त्यांनी कधी घाई केली नाही. मॅट्रिक होऊन ते भरती झाले आणि जेट विमानांची इंजिनं सांभाळायच्या कामाला लागले. त्या इंजिनात पात्यांची चाकं असतात, जळत्या वायूच्या जोरावर ती भयंकर वेगानं फिरतात आणि ज्या बेरिंगांवर फिरतात ती बेरिंगं सतत तेलात भिजलेली असतात. कुठे काही झिजायला लागलं की धातूचा कण तेलात उतरतो. तेलाच्या वाटेत लोहचुंबकाचं एक बूच बसवलेलं असतं. विमान उतरलं की ते बूच काढायचं आणि त्याला काय चिकटलंय ते बघायचं, हे संपतरावांचं काम. राखेसारखी बारीक लव दिसली तर हरकत नाही. चकाकता खवला दिसला की विमान जागेवर उभं. त्यांच्या शेवटच्या वर्षांत तर तेल बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत जायचं. तिथले लोक ते ठिणगीत जाळून, त्याच्या उजेडावरून कुठला धातू किती झिजलाय ते ओळखायचे.

"आवाज यायला लागतो तवा उशीर झालेला असतो," ते म्हणायचे. "तेल त्याच्या आधी सांगतं."

लढाईच्या दिवसांतला एक प्रसंग ते पुन्हा पुन्हा सांगत. एका विमानाच्या बुचावर त्यांना खवला दिसला. बाहेर विमानांची नुसती धावपळ, प्रत्येक विमान हवं होतं. हे साहेबांकडे गेले आणि म्हणाले, हे विमान उडणार नाही. साहेब तापट माणूस. पण त्यांनी 'का' म्हणून विचारलं नाही, बूच हातात घेऊन उलटसुलट केलं नाही. एवढंच म्हणाले, "कितना टाइम लगेगा?"

गोष्ट इथे संपायची. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी विचारलं, "मग?" ते म्हणाले, "मंग काय, संपलं." मला त्यात विशेष काही दिसेना. पुढे एकदा सासूबाई बोलता बोलता सांगून गेल्या, की संपत लहान असताना विहिरीच्या पायऱ्यांखाली घागर ठेवून बसायचा आणि वरून कुणाला दया येऊन पाणी ओतलं तर घरी यायचा. तेव्हा मला ती गोष्ट कळली. ज्याला पाण्यासाठीसुद्धा दुसऱ्याच्या मर्जीची वाट बघावी लागली, त्याच्या एका शब्दावर विमान थांबलं होतं. त्यानंतर ती गोष्ट मी कधी मध्येच तोडली नाही.

नोकरीची मुदत संपवून ते परत आले ते बहात्तरच्या दुष्काळात. गावातल्या विहिरी एकामागून एक तळाला गेल्या. ओढ्याकाठच्या जुन्या खोल विहिरीत तेवढं पाणी राहिलं. तिथून गावापर्यंत पाणी आणायचं म्हणून पंचायतीनं एक जुनं डिझेल इंजिन घेतलं, पाइप टाकले, चावडीपुढे तोट्यांची टाकी बांधली. इंजिन चालवायला माणूस हवा होता. सरपंच अण्णासाहेब आमच्या दारात आले. माणूस मनानं वाईट नाही, पण कानाचा हलका.

"संपत, इमानाचं इंजान सांभाळलं तू, हे तर पाण्याचं," ते म्हणाले.

"सांभाळतो," संपतराव म्हणाले. "पर एक शर्त हाये. तेल मी बघीन. अन् बंद म्हणलं की बंद."

"बराबर, बराबर," असं म्हणत अण्णासाहेब उठलेसुद्धा. त्यांनी ती अट एका कानानं ऐकली होती, हे मला तिथंच दिसलं.

मला या कामाचा मुळीच आनंद झाला नाही. टाकी पंचायतीची, इंजिन पंचायतीचं, चालवणारा आमच्या बौद्धवाड्यातला, आणि रांग मात्र जुनीच. आधी गाव भरणार, मग उरलंसुरलं आमचं. मी चिडून म्हणायची, "तुम्ही पाणी चढवता आणि मी शेवटी उभी राहते, हे बरं दिसतं का?" ते म्हणायचे, "आधी पाणी तर येऊ दे. रांगेचं मंग बघू." त्यांचं हे 'मंग बघू' मला बिलकुल पटायचं नाही.

पण माणूस कामाला लागला की बघत राहावं. जयंतीच्या मिरवणुकीतला एक कर्णा फुटून पडला होता, त्यातलं लोहचुंबक त्यांनी काढून घेतलं आणि सुतळीला बांधलं. रोज सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी तेलाच्या चेंबरचं झाकण उघडून ते चुंबक तेलात सोडायचे, वर काढायचे आणि जमलेल्यांना दाखवायचे. "बघा. साफ हाये." हळूहळू गावालाच त्याची गोडी लागली. म्हातारी माणसं तोंड धुऊन आधी विहिरीवर यायची आणि विचारायची, "काय म्हणतंय चुंबक?" चुंबक साफ म्हणजे इंजिन ठीक, एवढं ज्ञान गावातल्या शेंबड्या पोरालाही झालं. संपतराव खूश. हीच शिकवण पुढे त्यांच्यावर उलटणार होती.

इंजिनाची सगळ्यांत मोठी भक्त होती गिरिजाबाई. विधवा म्हातारी, बोलायला तिखट, तोट्यांच्या रांगेत कायम पहिली. तिच्या पितळी हंड्यात तोंड दिसेल असा तो लखलखीत असायचा. माझी सावली त्या हंड्यावर पडली तर ती काही बोलत नसे, पण हंडा पुन्हा विसळून घ्यायची, आणि तेही दुष्काळात. मला ती बाई आवडत नव्हती, यात लपवण्यासारखं काही नाही. दर शनिवारी ती मारुतीला तेल घालून विहिरीवर यायची आणि इंजिनाला शेंदराचा टिळा लावायची. गावाला पाणी पाजतो तो देवच, असं तिचं म्हणणं. संपतराव म्हणायचे, "लावा माय, बाहेरून काय लावायचं ते लावा." त्यांना त्यात गैर वाटत नव्हतं. मी म्हणायची, इंजिनाला टिळा आणि चालवणाऱ्याला शेवटची रांग.

वैशाख लागला. ऊन असं की दुपारी कुत्रंही बाहेर पडेना. शाळेला सुट्टी होती. एके दिवशी संपतराव जेवायला आले आणि ताटावर बसून बोटं हुंगत राहिले. मी म्हटलं, "काय झालं?"

"इंजानाला भज्याचा वास येऊन राह्यला."

मला हसू फुटलं. म्हटलं, "दुष्काळात तुम्हाला भजी आठवायला लागली." ते हसले नाहीत. अर्धी भाकरी ठेवून उठले. रात्री बोटाला लागलेलं तेल अंगठ्यानं चोळत कितीतरी वेळ बसून होते. म्हणाले, "चिकट झालंय. चुंबक साफ हाये, पर तेल चिकट झालंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी अर्धीसुद्धा भरली नव्हती आणि पाइपातलं पाणी थांबलं. रांगेतल्या बाया ओरडायला लागल्या. कुणीतरी सांगत आलं की संपतनं इंजिन बंद केलंय. अर्धं गाव विहिरीकडे निघालं, त्यांच्यामागून मी.

इंजिन बंद होतं. फिरवून सुरू करायचं लोखंडी हँडल संपतरावांनी काढून स्वतःजवळ ठेवलं होतं. अण्णासाहेब आले. त्यांच्याबरोबर रामराव होते, टाकीजवळच्या मोठ्या घरातले, गावात ज्यांचा शब्द सरपंचाहून जड.

"काय झालं, संपत?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"तेल बिघडलंय. आत काहीतरी झिजून राह्यलंय. खोलून बघावं लागंल."

"चुंबक काय म्हणतंय?"

संपतरावांनी चुंबक दाखवलं. साफ होतं.

"मंग?" रामराव म्हणाले. "तूच शिकवलं ना गावाला? चुंबक साफ तर इंजान ठीक."

"चुंबक लोखंड धरतं. आत सगळंच लोखंड न्हाई."

"आता नवं काढलं का हे?"

लोक हसले. संपतरावांनी सांगायचा प्रयत्न केला. दांडा ज्या बुशवर फिरतो ते पितळेसारख्या धातूचं असतं, चुंबक त्याला ओढत नाही. ते बुश गेलं तर मधला दांडाच मोडेल आणि तो दांडा जालन्यात मिळायचा नाही, पुण्याहून आणावा लागेल. तोवर गाव काय पिणार? आज थांबलं तर एखाददुसरा दिवस जाईल, चालू ठेवलं तर पावसाळ्यापर्यंत पाणी नाही. हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. पण डोक्यावर ऊन, हातात रिकामी भांडी, कोण ऐकतंय.

रामराव पुढे झाले. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "अण्णासाहेब, मी काय म्हणतो ते ऐका. यांच्या वाड्याला पाणी शेवटी मिळतं. त्याचा राग हाये हा. इमानवाल्यानं बेइमानी केली, दुसरं काय."

तो शब्द माझ्या कानात अजून आहे. संपतरावांचा चेहरा उतरला. त्यांना मी चिडलेलं पाहिलं होतं, थकलेलं पाहिलं होतं, असं कधी पाहिलं नव्हतं. पाण्यावर सूड? ज्यांच्या बापजाद्यांनी पाण्यासाठी मार खाल्ला, ते पाण्यावर सूड घेतील? माझ्या तोंडात उत्तर तयार होतं आणि ते सभ्य नव्हतं. पण संपतरावांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

"हँडल दे, संपत," अण्णासाहेब म्हणाले.

"न्हाई देत."

"दुसरा कोणीबी चालू करील."

"करू द्या. मला मारून हँडल घ्या अन् करा. पर माझ्या हातानं मी हे इंजान मोडणार न्हाई." ते विहिरीच्या काठावर बसले आणि हँडल त्यांनी मांडीखाली घेतलं. "पांढरं फडकं द्या कोणीतरी. साफ, पांढरं. तेल गाळून दाखवतो. त्यात काही न्हाई निघालं तर मी आत्ताच चालू करून देतो अन् परत इथं पाय ठेवणार न्हाई."

पांढरं फडकं म्हणजे धोतर. तिथं धोतर नेसलेले कितीतरी जण उभे होते, खांद्यावर पंचे होते, डोक्याला पटके होते. कुणीच पुढे होईना. काळ्या तेलात धोतर कोण घालील? आणि दुसरंही कारण होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. संपतराव एकेकाकडे बघत होते आणि लोक नजर चुकवत होते.

आमच्या घरात पांढरं असं एकच होतं. माझी साडी. पहिल्या पगारातून घेतलेली, अंगाला लागणार नाही इतकी मऊ. आमच्यात वंदनेला पांढरी साडी नेसतात आणि बुद्धपौर्णिमा तोंडावर आली होती. मी ती पेटीत घडी करून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवली होती. घरी जाताना वाटेत मला रडू येत होतं, साडीसाठी की त्या 'बेइमानी'साठी ते मलाही सांगता येणार नाही. पेटी उघडली, साडी काढली आणि परत आले.

संपतरावांनी साडी पाहिली आणि घ्यायला पुढे केलेला हात मागे घेतला. "ही नको, बेबीनंदा."

मी घडी उलगडली. पदराकडून दातानं चीर पाडली आणि सर्रकन फाडली. फाडताना मी रामरावांकडे बघत होते.

संपतरावांनी तो तुकडा एका पातेल्यावर बांधला. इंजिनाचं बूच काढून चेंबरमधलं तेल डब्यात घेतलं आणि हळूहळू फडक्यावर ओतलं. तेल काळं होतं आणि दाट, गुळाच्या पाकासारखं ओघळत होतं. खाली उतरायला वेळ लागत होता. लोक कंटाळून पुटपुटायला लागले. संपतराव मात्र घाई करेनात. मग त्यांनी थोडं डिझेल घेऊन फडक्यावर ओतलं, काळेपणा धुतला गेला आणि फडकं दोन्ही हातांनी ताणून उन्हात धरलं.

फडक्यावर पिवळे कण चमकत होते. बारीक, पण कितीतरी.

"सोनं निघालं का काय," मागून कुणीतरी म्हणालं. एकदोघं हसले. संपतरावांनी चुंबक त्या कणांवरून फिरवलं. एकही कण उचलला नाही.

"हे काय बी असंल," रामराव म्हणाले. "रेती असंल."

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत गिरिजाबाई पुढे आली. तिनं हंडा खाली ठेवला, वाकून बघितलं आणि मला वाटलं नव्हतं असं केलं. बोट त्या फडक्याला लावलं. आमच्या घरच्या साडीला, आमच्या माणसाच्या हातातल्या. कण चिमटीत घेऊन चोळले, तळहातावर घेतले.

"रेती न्हाई," ती म्हणाली. "पितळ हाये. साठ वर्सं हंडा घासून राह्यले मी. राखंत असंच निघतं."

तिच्यापाठोपाठ दोनचार बाया पुढे आल्या. त्यांनीही बोटं लावली. पितळ घासणाऱ्या हातांना काय सांगायचं? "पितळच हाये की ग," त्या एकमेकींना म्हणाल्या. रामरावांच्या घरातलीही एक त्यांत होती, म्हणून ते गप्प झाले.

गिरिजाबाई मात्र तिथून हलेना. तिनं पातेल्यातलं तेल बोटावर घेतलं आणि हुंगलं. तिचा चेहरा बदलला.

"संपत, हे करडईचं हाये."

"तेच म्हणतो मी, माय. भज्याचा वास त्याचाच. पर करडई आली कुठून?"

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "मीच घातलं. शनवारचं तेल. तू जेवायला गेल्तास तवा. मारुतीला घालते तसं यालाबी घातलं. एवढं राबतंय गावासाठी, म्हणलं बाहेरून टिळा लावून काय होतंय, पोटात जाऊ दे." मग थोडं थांबून म्हणाली, "दर शनवारी घातलं."

करडईचं तेल सारखं तापलं की डिंकासारखं होतं. भजी तळून तळून कढईच्या काठाला जो चिकट थर धरतो, तोच थर इंजिनाच्या आत धरला होता. तेल बुशापर्यंत पोचत नव्हतं आणि ते कोरडं घासत होतं. गिरिजाबाईच्या भक्तीनं इंजिनाचा घास घेतला होता.

आता लोक तिच्याकडे बघायला लागले. तिला फाडून खायची माझी तयारी होती, खरंच होती. मी मनात वाक्यं जुळवली होती, हंडा विसळण्यापासूनची. पण संपतराव उठले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "माय, तुझं तेल देवाला पचतं. याला न्हाई पचत. एवढंच झालंय."

मला तेव्हा त्यांचा राग आला. आज येत नाही.

इंजिन खोललं. बुश इतकं झिजलं होतं की एका बाजूला कागदाएवढं राहिलं होतं. दांडा अजून शाबूत होता. अण्णासाहेबांनी ते बुश हातात घेतलं, बोटानं चाचपलं आणि परत दिलं. मग बैलगाड्या जुंपून दूरच्या गावाहून टिपाडांनी, म्हणजे मोठ्या पिंपांनी, पाणी आणायची व्यवस्था केली. रामरावांनीही गाडी दिली. एवढं त्यांच्या नावावर लिहायला हवं.

संपतराव परतूरला गेले आणि तिथून रेल्वेनं जालन्याला. स्टेशनजवळच्या दुकानात त्या मापाचं बुश नव्हतं. दुकानदार म्हणाला, जवळपासचं बसवून टाका, चालेल. हे म्हणाले, चालवायचं न्हाई, टिकवायचंय. मग लेथवाल्याकडे जाऊन ते मापात कातून घेतलं, तोवर त्याच्याच ओट्यावर बसून राहिले. परत आले तेव्हा डोळे लाल आणि कपडे धुळीनं माखलेले, पण बुश मुलाला धरावं तसं छातीशी होतं. घरी आलेच नाहीत, थेट विहिरीवर गेले. सगळं इंजिन डिझेलनं धुतलं, चिकट थर खरवडून काढला, बुश बसवलं आणि नवं तेल घातलं.

हँडल मारलं. इंजिनानं आधी खोकल्यासारखं केलं, मग लागलं चालायला. मी चावडीपुढे होते. तोट्यांतून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ.

रांग लागली होती. पहिली गिरिजाबाई, सगळ्यांत मागे आम्ही. तिनं हंडा तोटीखाली ठेवला नाही. वळून रांगेच्या शेवटापर्यंत नजर टाकली आणि मला हाक मारली. "मास्तरीणबाई, इकडं ये. आधी तू भर."

कुणीतरी विचारलं, "तिनं का म्हणून?"

"तिची साडी धुवायची हाये," गिरिजाबाई म्हणाली.

मी पुढे गेले आणि घागर भरली. डोळे भरून आले होते, पण ते तिला दिसू दिले नाहीत. मलाही माझा तोरा होता.

आता कुणी म्हणेल की त्या दिवसापासून गावाची रांग बदलली. नाही बदलली. दुसऱ्या दिवशी गाव पुढे आणि आम्ही मागे. त्यासाठी पुढे वेगळं भांडावं लागलं आणि ते आम्ही भांडलो. साडीचा डागही धुऊन निघाला नाही. उरलेल्या साडीला आतून तोच तुकडा जोडला आणि बुद्धपौर्णिमेला मी तीच नेसले. पदर आखूड पडला होता. वंदनेला उभी होते तेव्हा उजेडात बघितलं, तर जोडलेल्या तुकड्याच्या विणीत पितळेचे दोनचार कण अडकलेले होते. ते मी काढले नाहीत.

सांगायचं राहिलं ते हे. पुढच्या शनिवारी गिरिजाबाई विहिरीवर आली, शेंदूर लावला आणि तेलाची वाटी संपतरावांपुढे धरून म्हणाली, "हे घरी ने. भाजीत घाल." त्यांनी वाटीत बोट बुडवलं, चोळलं, उन्हाकडे धरलं, हुंगलं आणि म्हणाले, "बराबर हाये." ती वाटी त्यांनी घरी आणली. त्या तेलाची फोडणी मी केली, आणि खरं सांगते, जेवताना मला घास गोड लागला.

आणखी काही दिवसांनी, पाऊस अजून कुठेच नसताना, ते सकाळी विहिरीवर गेले, तेल बघितलं आणि अण्णासाहेबांना निरोप पाठवला की आज इंजिन बंद ठेवायचं, तेल बदलायचंय. अण्णासाहेब स्वतः आले. तिकडे टाकीपुढे रांगेत बाया उभ्या होत्या आणि रामराव विहिरीच्या काठावर बसलेले होते. अण्णासाहेबांनी चुंबक मागितलं नाही. फडकं मागितलं नाही. रामरावांकडे बघितलंही नाही.

"संपत, कितीक टाइम लागंल?" त्यांनी विचारलं.

नावाला 'राव' काही लागला नाही. पण संपतराव घरी येऊन ओट्यावर बसले आणि मला हे सांगताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. मी म्हटलं, "मग तुम्ही काय सांगितलं?"

"चहा पिऊन येतो म्हणलं," ते म्हणाले. "मंग बघू."

मी चुलीवर चहा ठेवला.